दुसरी सही

ता. ४ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. गुडघ्याला शेक दे, त्याच्यावर भाष्य लिहीत बसू नकोस. तुझी लेक टिटवी माझ्याकडे बरी आहे. हल्ली गप्प असते, जेवतेही उभ्याउभ्याच.

एका पेचात सापडले आहे. इन्शुलिन टोचण्याआधी भरलेली सिरिंज दुसऱ्या नर्सने पाहायची आणि मगच सही करायची, असा नियम. मी सकाळच्या चहाबरोबरच दिवसभराच्या सगळ्या कागदांवर ती दुसरी सही ठोकून मोकळी होते. बारा वर्षं हेच चाललंय. पळापळीत कोण कुणाला सिरिंज दाखवत फिरणार? मंगळवारी माणसं कमी, म्हणून दुसऱ्या वॉर्डातून एक मुलगी आली. इन्शुलिनच्या बारीक सिरिंज संपलेल्या. तिने साध्या सिरिंजमध्ये भरलं, मापाचा घोळ झाला, डोस दहापट गेला. टोचण्याआधी ती मला दाखवायला आली होती. मान वर न करता मी म्हटलं, सही झालीय, जा टोच.

सात नंबरच्या खाटेवरचे सुतारकाका दुपारी गेले. आदल्याच दिवशी औषधांच्या गाडीचा अडकणारा खण त्यांनी तासून दिला होता, सलाइन लावलेल्या हाताने.

सोळा तारखेला चौकशी. खरं बोलले तर निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना माझी नोकरी जाते. मी पाहिलं तेव्हा माप बरोबर होतं, असं म्हटलं तर ती मुलगी जाते, नर्सिंगची नोंदणीही जाते. घरातले निकाल आजवर तूच दिलेस, हाही दे.

लोभ आहेच, पोस्टात गहाळ न व्हावा.
तुझी धाकटी

ता. ९ ऑगस्ट

चि. घड्याळबाईस,
अ. आ.

मिनिटाच्या काट्यावर गोळ्या वाटणारी माझी बहीण चहाच्या कपावर सह्या करते, हे वाचून धन्य झालो. असो. आपल्या शास्त्रकारांनी आपद्धर्म नावाची मोठी सोयीची खोली बांधून ठेवली आहे. आत जाताना चपलासुद्धा काढाव्या लागत नाहीत. खुशाल आत शीर.

तू पाहिलंस, माप बरोबर होतं, पुढचं तुला ठाऊक नाही. संपलं. तू सत्य सांगितल्याने सुतार उठून बसणार नाही. अशा पोरी पैशाला पासरी मिळतात. ही गेली तर दुसरी येईल. तिला आईबाप असतीलच, ते सांभाळतील. तुला कोण आहे? रडलीच तर रडू दे. तरुणपणी रडलं की डोळे स्वच्छ होतात, असं वैद्यकात नसलं तरी असायला हवं.

आमच्या टिटवीला मात्र ताकीद दे, की तुझ्यासारख्या थोरांच्या सहीवर विसंबू नकोस. बरं तर बरं, ती वरच्या मजल्यावर लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. महिनाभर एक ओळ नाही तिची. बापाला विसरली का, विचार.

आशीर्वाद सढळ हाताने धाडतो आहे, जपून वापर.
दादा

ता. १८ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसंच, शब्दही न बदलता बोलले. साहेबांनी मान डोलावली. मुलगी म्हणाली, मी दाखवायला गेले होते. कुणी पाहिलं, असं त्यांनी विचारलं. कुणीच पाहिलं नव्हतं. काल तिला काढलं.

त्या दिवशी वरच्या मजल्यावरून टिटवीलाच पाठवलं होतं.

पहिल्या पत्रात नाव लिहिलं असतं तर तुझं शास्त्र उलटं चाललं असतं. मला तराजूत परकी मुलगी हवी होती. तीस वर्षांपूर्वी माझं ठरत आलेलं लग्न तू मोडलंस, तेही असंच दीड पानात, विनोदासकट. तेव्हा मी रडता रडता हसले होते. डोळे स्वच्छ झाले की नाही, वैद्यकाला विचार.

बापाला कळवू नकोस म्हणून ती माझ्या पाया पडली होती. काल मात्र एवढंच म्हणाली, आत्या, असं का केलंस? मी तुझं पत्र तिच्या हातात दिलं. तिने उभ्याउभ्याच दोनदा वाचलं. अक्षर ओळखायला तिला वेळ लागला नाही.

गुरुवारी दुपारच्या गाडीने ती निघते आहे. पत्र तिच्याच पिशवीत आहे. स्टेशनवर घ्यायला जा. आईबाप सांभाळतील, असं तूच लिहिलं आहेस.

लोभ शिल्लक असेल तर या खेपेस मला नको, तिला दे.
तुझी धाकटी