दहाव्याची जिलेबी

॥ श्री ॥
देवळाली प्रवरा,
३ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप वहिनींस,
धाकट्या ज्ञानेश्वरचा शि. सा. न. वि. वि.

पाकिटावर नाव लिहिताना हात सवयीनं 'सौ.' लिहायला गेला आणि तिथंच थांबला. दादा गेला हे बोटांना अजून ठाऊक नाही. खुब्याचं हाड जुळेपर्यंत डॉक्टर पलंग सोडू देईनात, म्हणून सख्ख्या भावाच्या दहाव्याला मी येऊ शकलो नाही. ही बोच आता जन्माची. फोन करावा तर कानांनी केव्हाच दगा दिलाय. तुम्ही तिकडून ओरडायचं आणि मी भलतंच उत्तर द्यायचं, त्यापेक्षा आपलं पत्र बरं.

पण वहिनी, काल आमच्या सृष्टीनं मोबाईलवर दहाव्याचा व्हिडिओ दाखवला. आजोबाला ऐकू येत नाही, पण खाली मोठ्या अक्षरांत लिहून येतं ते वाचता येतं. 'साहेबांनी शब्द दिला अन् कावळा शिवला!' घोड नदीचा घाट, पिंड मांडलेलं, लोक ताटकळलेले आणि कावळा काही बाभळीवरून हलेना. मग साहेब पुढं झाले. दादाच्या पिंडापुढं हात जोडून म्हणाले की मास्तर, कालव्याच्या चारीच्या टेलला, पार शेवटच्या शेतापर्यंत, पाणी पोचवणं आता माझ्याकडं लागलं. तेवढं म्हणायला आणि कावळा झेपावायला एकच गाठ पडली. थेट जिलेबीचं वेटोळंच उचलून नेलं. मी लहान पोरासारखा रडलो.

उभा जन्म मी साहेबांच्या पक्षाचा आणि दादा त्यांच्या उरावर बसणारा. तुमच्या पडवीत आम्ही दोघे भाऊ हमरीतुमरीवर यायचो आणि तुम्ही चहा गाळता गाळता दोघांनाही वेड्यात काढायच्या. मेल्यावर का होईना, मिटलं एकदाचं. दादा समाधानानं गेला, याहून मोठं काय हवं?

सचिनला आशीर्वाद. जिवाला जपा. लोभ आहे तसाच राहू द्या.

तुमचा,
ज्ञानेश्वर


काष्टी, ता. श्रीगोंदा,
९ नोव्हेंबर २०२५

रा. रा. ज्ञानेश्वर भाऊजींस,
सुमनचा स. न. वि. वि.

पत्र पोचलं. जेवायला बसताना वाचलं आणि ताटावरून उठले. तुमच्यावर रागावून नाही, आधी तेवढं मनातून काढून टाका. तुम्ही पलंगावर होतात आणि मी घाटावर होते, म्हणून जे झालं ते सांगते.

कावळा सकाळीच शिवला होता. मी ह्यांच्या आवडीचं पान मांडलं होतं. शिळी बाजरीची भाकरी, लसणाची चटणी आणि वाटीत बिनसाखरेचा चहा. पान ठेवून मागं सरले नाही तोच कावळा आला. भाकरीचा कोर चोचीत धरून गेला. कुणाला काही कबूल करावं लागलं नाही, कुणाला हात जोडावे लागले नाहीत. ह्यांचं सगळंच असं बिनबोभाट असायचं. बायका रडल्या, मीही रडले, आणि माणसं अंघोळीला पाण्यात उतरली.

त्यानंतर साहेबांच्या गाड्या आल्या. त्यांचा तो गोरक्षनाथ सचिनच्या कानाशी लागला. साहेब आलेत, चॅनेलवाले आलेत, पिंड पुन्हा मांडा म्हणाला. भटजींनी सांगून पाहिलं की एकदा शिवलं की विधी संपला, पुन्हा मांडत नाहीत. पण भटजींनाही ह्याच तालुक्यात राहायचंय. वाळूचं पिंड पुन्हा थापलं. कावळे पोट भरून उडून गेले होते, तर गोरक्षनाथानं वरच्या अंगाला फरसाण फेकायला माणसं पाठवली. साहेबांनी शब्द दिला, तर कॅमेरावाला म्हणाला तोंडावर सावली येतेय, जरा इकडं सरका. साहेब सरकले आणि तोच शब्द पुन्हा दिला. मी ओल्या लुगड्यानं उभी होते. मला कुणी विचारलं नाही. भाऊजी, माणूस मेल्याचं दुःख मी सोसते आहे, पण त्या घाटावर मला शिसारी आली ती अजून जात नाही.

आपल्याकडं दहावा म्हणजे पुढाऱ्यांची फुकटची सभा, हे ह्यांना चांगलं ठाऊक होतं. अंथरुणावरून त्यांनी बजावलं होतं की माझ्या दहाव्याला माईक लावायचा नाही, कुणाचं भाषण नको. सचिननं मान डोलावली होती. पण त्याला पंचायत समितीचं तिकीट पाहिजे. माईक लागला, भोंगे लागले, आणि ज्यानं टेलला कधी पाणी पोचू दिलं नाही तो माणूस ह्यांना आपला जिवाभावाचा सहकारी म्हणाला.

दुसऱ्या पक्षाची तऱ्हा वेगळी नाही. त्यांच्या मोबाईलवर म्हणे कावळा शिवलाच नाही, मास्तरांचा आत्मा साहेबांवर कोपलाय. साहेबांचा एक कावळा, त्यांचा एक कावळा. भाकरी नेली तो खरा कावळा दोघांनाही नकोय.

खुब्याला तेल जिरवत जा. अश्विनीला म्हणावं सासऱ्याचे लाड पुरे, आता चालायला लाव. लोभ आहेच, ह्या पत्रानं तो उणा होऊ देऊ नका.

तुमची,
सुमन


देवळाली प्रवरा,
१६ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप वहिनींस,
ज्ञानेश्वरचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. लिहू की नको असं झालं होतं, पण मनात ठेवलं तर जास्त कुजेल. लहान तोंडी मोठा घास घेतो, रागावू नका.

वहिनी, तुमच्यावर आभाळ कोसळलंय. अशा वेळी माणसाला आधीचं नंतर वाटतं आणि नंतरचं आधी. कावळा आधी शिवला असेल, तर एवढ्या गर्दीतलं एकही माणूस बोललं नसतं का? व्हिडिओ अख्ख्या जिल्ह्यानं पाहिला. साहेब पाणी देण्यात कमी पडले असतील, ते मी पक्षाच्या बैठकीत तोंडावर बोललोय. पण मेलेल्या माणसाच्या पिंडाचं शूटिंग करण्याइतके ते खाली उतरणार नाहीत. मी त्यांच्या प्रचाराला सायकलवर हिंडलोय, मला माणूस माहीत आहे. मला वाटतं विरोधकांच्या बायकांनी भेटायला येऊन तुमचे कान भरले असावेत.

सचिनला मोबाईलवर लिहून विचारलं. त्यानं उलट लिहिलं की काका, व्हिडिओ खरा आहे, आईचं मन सध्या थाऱ्यावर नाही. आता पोटचा पोरगा सांगतो म्हटल्यावर मी कुणाचं धरावं?

एक चांगली बातमी आहे, निदान मला तरी चांगली वाटली. चारीला नवं गेट बसवलंय, त्याला दादाचं नाव देणार आहेत. साहेबांच्या हस्ते कार्यक्रम आहे. मला बोलावणं आलंय, गाडी पाठवणार आहेत आणि दोन शब्दही बोलायचेत. फलकावर दादाचा फोटो साहेबांच्या शेजारी असेल. तुम्हीही यावं, एवढं मागणं आहे.

रागावलात तर रागवा, पण अबोला धरू नका. लोभाला मी अजून लहानपणाइतकाच हक्कदार आहे.

तुमचा,
ज्ञानेश्वर


काष्टी,
२१ नोव्हेंबर २०२५

रा. रा. ज्ञानेश्वर भाऊजींस,
स. न. वि. वि.

सचिननं माझं मन थाऱ्यावर नाही म्हणून कळवलं, ते तुमच्या पत्रातून मला कळलं. आईला वेडी ठरवून तिकीट मिळत असेल तर मिळो बापड्याला. साहेबांचं मला काही वाटत नाही, तो माणूस तसाच. चॅनेलवाल्यांचंही नाही, ते ज्याचं खातात त्याचं गातात. पण माझ्या हातचा चहा पिऊन वाढलेला दीर मला विचारतो, मी कुणाचं धरावं. ह्याचा मला वीट आला, भाऊजी.

वाद घालत नाही. विरोधकांच्या बायका माझ्या उंबऱ्याशी फिरकल्याही नाहीत, हेही सांगत बसत नाही. तुमचंच पहिलं पत्र सोबत परत पाठवते आहे. त्यात तुम्ही स्वतःच्या हातानं लिहिलंय, कावळ्यानं जिलेबीचं वेटोळं उचललं.

तुमच्या भावाच्या पानावर जिलेबी कुणी वाढली असेल?

टेलच्या बनुबाईची लिंबाची बाग उभी वाळली, त्या साली चारीवर उभं राहून ह्यांनी सांगितलं होतं की टेलला पाणी पोचेस्तोवर गोड तोंडात घालणार नाही. तेव्हापासून बिनसाखरेचा चहा. सचिनच्या लग्नात विहीणबाईंनी लाडू पुढं केला, तो ह्यांनी हातात घेऊन माघारी ठेवला आणि केवढे मानापमान झाले ते तुम्हीच निस्तरलंत. दर दिवाळीला त्यांच्या नाकापुढं जिलेबी नाचवून चिडवणारे तुम्हीच. मी, त्यांची बायको, त्यांच्या शेवटच्या पानावर जिलेबी वाढीन का? जिलेबीचा खोका साहेबांच्या गाडीतून उतरला. मेल्यावर त्यांचा नेम मोडला त्या लोकांनी, आणि तुम्ही ते बघून आनंदानं रडलात.

गेटला नाव द्यायला मी नाही म्हणून सांगितलं होतं. सचिननं सही केली. कार्यक्रमाला मी येणार नाही. तुम्ही मोठे आहात, तुमचं तुम्ही ठरवा.

लोभाचं आज काही लिहीत नाही.

सुमन


देवळाली प्रवरा,
२८ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप वहिनींस,
ज्ञानेश्वरचा पायांवर डोकं ठेवून शि. सा. न. वि. वि.

सृष्टीकडून व्हिडिओ पुन्हा मागवला. तिला म्हटलं, बाळ, थांबव इथंच आणि मोठं कर. पान दिसलं. जिलेबी, फरसाण आणि पेढा. भाकरी नाही, चहाची वाटी नाही. बाजूला तुम्ही उभ्या आहात, लुगड्याचा पदर ओला, आणि घाटावर मागं माणसं अंघोळ करून डोकं पुसतायत. कावळा शिवायच्या आधी कुणी अंघोळ करतं का? हे सगळं पहिल्या दिवशीही माझ्या डोळ्यांपुढं होतं. मी खालची अक्षरं वाचत बसलो होतो.

वहिनी, मला माझीच किळस आली. दादानं गोड सोडलेलं मला माहीत नव्हतं असं नाही, ते मला दिसलं नाही, कारण मला साहेब मोठे झालेले बघायचे होते. जन्मभर ज्यांच्या सतरंज्या उचलल्या त्यांनी माझ्या भावाच्या तोंडात जिलेबी कोंबली, आणि मी त्याचं कौतुक तुम्हालाच लिहून पाठवलं. वर तुमच्या मनाला नावं ठेवली. ह्याची माफी मागायचीही मला लाज वाटते.

कार्यक्रमाला मी जाणार आहे. हारासाठी नाही. मी त्यांचा माणूस, म्हणून माईक माझ्या हातात देतील. दुसऱ्या कुणाच्या देणार नाहीत. वॉकर घेऊन उभा राहीन आणि दादाचा नेम, तुमची भाकरी, दोनदा मांडलेलं पिंड, सगळं चारीवर सगळ्यांच्या तोंडावर सांगेन. अश्विनी म्हणते, मामंजी, गुडघ्यात बळ नाही आणि कशाला वैर घेता. तिला म्हटलं, बोलायला गुडघे लागत नाहीत.

लोभ मागायचं तोंड नाही. कार्यक्रमानंतर मागेन.

तुमचा अपराधी,
ज्ञानेश्वर


काष्टी,
७ डिसेंबर २०२५

चि. ज्ञानेश्वर भाऊजींस,
सुमनचे अनेक आशीर्वाद.

आज 'रा. रा.' लिहावंसं वाटलं नाही. मी ह्या घरात लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही जेवढे होतात, तेवढेच आज वाटता.

कार्यक्रमाला मी गेले नाही. संध्याकाळी सचिननं मोबाईल माझ्यापुढं धरला. तुम्ही वॉकर धरून उभे, डोळे भरलेले, आणि म्हणताय की साहेबांनी माझ्या भावाला शब्द दिला होता. लगेच टाळ्या. खाली अक्षरं, 'मास्तरांच्या धाकट्या बंधूंना अश्रू अनावर, साहेबांचे मानले आभार'. संपलं. बघ आई, काकासुद्धा काय म्हणाले, असं सचिन म्हणाला. मी त्याला म्हटलं, हे त्यांचं पहिलं वाक्य आहे, पुढचं कुठंय? तो जेवायला बसला. भाकरी मोडून तशीच ठेवली.

सृष्टीनं तुमच्या जिवाला लागेल म्हणून सांगितलं नसेल, तर मीच सांगते. बनुबाई तिथं होती. ती येऊन सांगत होती की वैनी, पैलं वाक्य झालं आन गोरक्ष्यानं माईकची वायरच वडली, भाऊंना काय कळलंच न्हाई, ते आपले लई येळ बोलतच हुते, हात हालत हुते, पन मागं कुनालाच कायबी ऐकू आलं न्हाई. तुम्हाला ऐकू येत नाही, त्यामुळं आवाज गेलेलाही तुम्हाला कळला नाही. लोक टाळ्या वाजवत होते आणि तुम्हाला वाटलं असेल की ऐकतायत. हे ऐकलं तेव्हा मी चुलीपुढं बसून रडले. ह्यांच्या दहाव्यालाही एवढी रडले नव्हते.

गेटचं चाक फिरवून फोटो निघाले. पाणी मधल्या वस्त्यांवरच जिरलं. बनुबाईच्या शेतापर्यंत चारी कोरडीच आहे. गेटवर ह्यांचं नाव पांढऱ्या रंगानं लिहिलंय.

मीही आता वर्षभर गोड खाणार नाही. उगाच डोळे मोठे करू नका, चहा बिनसाखरेचा बरा लागतो.

आणि एक काम सांगते, ते पलंगावर बसूनच होण्यासारखं आहे. मोबाईलवर पाहिलेलं मी धरलेलं नाही. बनुबाईला ऐकू आलं नाही. सचिन सांगत नाही. म्हणून तुम्हालाच विचारते. भाऊजी, पहिल्या वाक्याच्या पुढं तुम्ही काय काय बोललात? सगळं लिहून पाठवा, एक शब्द गाळू नका. तुम्ही लिहाल ते मी खरं धरीन.

पत्राची वाट बघते. लोभ होता, आहे.

तुमची,
सुमनवहिनी