इमेजवरचा शेरा

सोलापूर,
मंगळवार, १२ ऑगस्ट २०२५

प्रिय अमृतदादा,

अंकूचा नमस्कार. आई बरी आहे, गुडघे तेवढे कुरकुरतात. राखी मिळाली असेल. सोबत चिठ्ठी टाकायची होती, धीर झाला नाही. बार्शीच्या कॉलेजात तुझं बरं चाललंय, असं वैजयंतीवहिनी म्हणाली. तू माझा फोन घेतच नाहीस, म्हणून हा कागद.

काल कारखान्यातला जुना कॉम्प्युटर बदलायचा होता. टॉवेलच्या डिझाइनचा आपला प्रोग्राम अजून कंटेनरमध्येच चालतो, कॉम्प्युटरच्या आतल्या त्या वेगळ्या डब्यात. त्यात तू आणि नंतर मी हातानं केलेल्या दुरुस्त्या कुठंच लिहिलेल्या नाहीत. कंटेनर काढला की त्याही गेल्या. म्हणून तो चालू असतानाच त्याची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, घ्यायची होती, विरजणाला दही बाजूला काढतात तशी. मग नव्या कॉम्प्युटरवर तोच प्रोग्राम परत लागतो. तीनदा खुर्चीवर बसले, तीनदा उठले. चहा गार झाला. एवढं काय घाबरायचं, म्हणशील. सांगतेच आता.

दोन वर्षांपूर्वी प्रोग्राम अडकला, तेव्हा तो कंटेनर मी काढला आणि नवा लावला. वाटलं, जसाच्या तसा येईल. तुझी तीन महिन्यांची मेहनत गेली, बॉर्डर चुकलेले टॉवेल विणून बाहेर पडले. गुरुसिद्धप्पा मालकांनी सगळ्यांदेखत तुला झाडलं. मी शेजारीच उभी होते, मूग गिळून. तू दोन दिवस बसून सगळं परत उभं केलंस आणि नोकरी सोडलीस.

काल इमेजची यादी उघडली, तर त्यात तुझी एक जुनी निघाली. तू गेलास त्याच दिवसाची. तिच्यावर शेरा होता: ‘अंकूच्या हातून परत गेलं, तर ही लावा. तिला रागावू नका.’

अरे, तुला माहीत होतं! मग बोलला का नाहीस रे? थोबाडीत तरी द्यायचीस.

आज मालकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “आता सांगतीस व्हय? त्या पोराला काय काय बोललो की गं मी!” रविवारी तुझ्याकडं यायचं म्हणतात. मी येऊ का, ते तू सांग.

नवी इमेज घेतली, नीट चालतीय. तिच्यावर शेरा लिहिलाय: ‘दुरुस्त्या अमृतच्या. चूक अंकिताची होती.’ ती जिथं लागेल, तिथं हा शेराही जाईल.

फोन उचल रे.

जिच्या हातून गेलं होतं, ती तुझी
अंकू