सोमवारी पायरीवर ठेवलेला डबा

आई, लिहायला फार उशीर केला, रागावू नकोस. तू जाऊन चाळीस वर्षं झाली आणि मी तुला एक ओळ लिहिली नाही. चौथीत शाळा सुटली, अक्षर तेव्हाही वाईट होतं, आताही आहे. पण ही गोष्ट दुसऱ्या कोणाला विचारता येत नाही. सकाळपासून तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा उठलो.

मी आता बेळगावात मुलाकडे असतो. सून मच्छेला कारखान्यात कामाला जाते, घरी यायला सात वाजतात. मग मटण शिजवायचं कधी? म्हणून ती रविवारीच आठवड्याचं करून ठेवते. दीड किलो खिम्यात आलं-लसूण, खोबरं, डाळ्याची पूड घालून चाळीस उंडे वळते, तळते आणि डब्यात भरून फ्रीजच्या बर्फाच्या खणात ठेवते. दगडासारखे होतात. मंगळवारी दहा काढायचे, बुधवारी दहा. रस्सा उकळला की त्यात सोडायचे, अर्ध्या तासात जेवण. नात तर दुसऱ्या कशाला हात लावत नाही.

तुझे उंडे एका वेळेपुरते असायचे. नंदगडच्या घराची मागची पडवी, तीन दगडांची चूल. तू हाताला पाणी लावून उंडा वळतेस आणि मला म्हणतेस, "दाबू नगं रं, आतनं कच्चा ऱ्हातोय." उरलंच काही तर पातेलं पडवीतच, वर ताट, ताटावर दगड. सोमवारी त्याला घरात येणं नाही. एकदा सोमवारी मी त्यातली पळी आत आणली, तर तू मला सगळं सैंपाकघर सारवायला लावलंस. मी सात वर्षांचा होतो. कोपरे राहिले म्हणून दुसऱ्यांदा सारवलं.

गेल्या सोमवारी सगळे बाहेर गेल्यावर मी फ्रीज उघडला. खाली देवाची फुलं, नैवेद्याचं दूध, आणि वर तो डबा. मी तो उचलून मागच्या पायरीवर नेऊन ठेवला. वर ताट, ताटावर वीट. दिवसभर ऊन होतं. संध्याकाळी सुनेनं झाकण काढलं तेव्हा वास दारापर्यंत आला.

मुलगा तापला. म्हणाला, देवाचं एवढंच होतं तरी दिवसभर उन्हात ठेवलेलं मंगळवारी खाता येणार होतं का, डोकं कुठं असतं तुमचं. सून त्याला म्हणाली, "ओरडू नगासा त्यांच्यावर. त्यांच्या ध्यानात न्हाय ऱ्हात आता." आणि तिनं भात-आमटी शिजायला टाकली. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून मी घरातला विसरभोळा म्हातारा झालोय. सून कामावर जाताना गॅसचा कॉक बंद करून जाते. नात रोज सकाळी विचारते, "आज्जा, आज वार कुठला?" मी सांगतो. ती म्हणते, "पास." सगळे हसतात, मीही हसतो. येत्या गुरुवारी मला डॉक्टरांना दाखवायचं ठरलंय, डोक्याच्या.

आई, माझ्या ध्यानात सगळं होतं. बर्फ सुटला की मटण नासतं हे नातीनं मला दोनदा सांगितलेलं. सोमवार होता हे खरं, पण नुसता सोमवार नव्हता. हा फ्रीज येण्याआधी दर बुधवारी मी खाटकाकडे जायचो. तो बाकावर जागा करून द्यायचा, "या आप्पा, आज खांद्याचं चांगलं हाय" म्हणायचा. निघताना सून विचारायची, किती आणता, कसलं आणता. डबे भरायला लागल्यापासून ती सगळं स्वतःच रविवारी गाडीवरून आणते. बुधवार आला की मी चप्पल घालतो आणि परत काढतो.

आज पुन्हा रविवार. मघाशी ती आतून म्हणाली, "आप्पा, या की, उंडे वळू लागा जरा." मला पाट दिला, पुढ्यात परात ठेवली. तुझ्यासारखा हाताला पाणी लावून मी वळत बसलो. ती म्हणाली, "तुमचे माझ्यापेक्षा गोल होत्यात." आजाऱ्याशी बोलतात तसा आवाज होता, ते मला कळलं. तरी मी उठलो नाही. चाळीसच्या चाळीस वळले. किती दिवसांनी इतकं बरं वाटलं, आणि जेवायला बसलो तेव्हा माझ्या वाटणीचे उंडे मी नातीच्या ताटात सारले.

खरं सांगितलं तर डॉक्टर टळेल, पण पुढच्या रविवारी ती मला पाट देईल का? नाही सांगितलं तर माझ्या गोळ्या सुरू होतील आणि ती बिचारी माझी काळजी करत राहील. काल दोनदा तिच्यामागे जाऊन उभा राहिलो. ती वळून म्हणाली, काय पाहिजे आप्पा. मी पाणी मागितलं.

हा कागद कुठल्या पत्त्यावर टाकायचा, ते काही मला ठाऊक नाही. घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवतो. तू मात्र मला काहीतरी कळव. मार चार शिव्या, पण गुरुवारच्या आत कळव.