सातवीच्या वर्गातली भेग

२१ नोव्हेंबर २००५, सोमवार
दिवाळीची सुटी संपली. शाळा उघडल्या उघडल्या डोकं फिरलं. आमच्या जि.प. शाळेला मागच्या वर्षी मिळालेली नवी खोली, सिमेंटच्या छताची, पक्की, सारी कापसाने भरलेली. खिडकीच्या गजातून कापूस बाहेर डोकावून राह्यला. शाळा समितीचे अध्यक्ष नामदेवरावजींचा माल. यंदा भाव पडला, सरकारी खरेदी केंद्र उघडायचं नाव नाही, घरात पाय ठेवायला जागा नाही, म्हणून सुटीत इथं आणून टाकला. आमचे मुख्याध्यापक (मु.अ.) म्हणतात, "आठ-पंधरा दिवसाची गोष्ट आहे मॅडम, जमवून घ्या."

जमवून घ्या म्हणे! माझी सातवी परत जुन्या खोलीत. दगडमातीची भिंत, तिला वरून खालपर्यंत भेग. भेगेला लागून मुलींची रांग, त्या रांगेत माझी पोरगी रुची. घरी येऊन भांडी आपटली.

२४ नोव्हेंबर
आज भूगोल, भूकंपाचा धडा. मोठी भाकर घेऊन गेलती, तुकडे करून टेबलावर मांडले. पृथ्वीचं कवच अखंड नाही, असे तुकडे आहेत, त्यांना भूपट्ट म्हणतात. ते सरकतात, पण आपली नखं वाढतात तितक्या हळू. सगळे पोट्टे आपापली नखं पाहत बसले. पांड्याने तेवढ्यात एक भूपट्ट खाल्ला.

मी फळ्यावर लिहिलं: आपलं पठार जुनं व स्थिर. अन् तिकडे कोळसा खाणीचा, ब्लास्टिंगच्या आधीचा भोंगा झाला.

भोंगा झाला की गावात सगळ्यांचे हात आपोआप चालतात. बायका फळीवरचे डबे धरतात. म्हातारे भिंतीला तळहात लावून उभे राहतात, जशी काही तीच त्यांच्या भरवशावर उभी आहे. वर्गात पोरं पाण्याच्या बाटल्या धरतात, मी खडूचा डबा धरते. ब्लास्टिंगची धडधड येते, जाते, मग पुढचं वाक्य. वर्षं झाली, कोणी त्याचा विचारही करत नाही.

धडधड संपल्यावर वैशाली म्हणते, "मॅडम, स्थिर हाय तं हालते काहून?" सारा वर्ग हसला. वैशाली नामदेवरावजींची नात, जीभ मोठी तिखट. मी म्हटलं, हा भूकंप नाही, माणसाने केलेला हादरा आहे. ती म्हणे, "भितीले समजते का कोनाचा हाय ते?"

किल्लारीचंही पठारच होतं. तेही लोक स्थिरच समजत होते.

२८ नोव्हेंबर
वैशालीचा आणखी एक प्रश्न: "आपल्या वर्गातली भेग बी दोन प्लेटींची सीमा हाय का?" नाही म्हटलं, पण म्हटलं सरकते का ते तर पाहू. रुचीने घरून कणकेची खळ करून आणली. भेगेवर आडव्या तीन कागदी पट्ट्या चिकटवल्या, वर, मध्ये, खाली. पोरींनी त्यावर तारीख घातली, नक्षी काढली. मजा आली. बऱ्याच दिवसांनी शिकवल्यासारखं वाटलं.

१ डिसेंबर
मधली पट्टी फाटली. कोणी हात लावला नाही, पोरं शपथेवर सांगतात. सरळ, भेगेच्या रेषेत.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. "सरकली! मॅडम, सरकली!" मीही वाजवल्या. हो, मीही. मग लक्षात आलं. रुचीची जागा त्या पट्टीच्या बरोबर खाली आहे.

मु.अ.कडे गेली. ते म्हणाले, "थंडीनं कागद आकसला असन." म्हटलं सर, खालच्या-वरच्या नाही आकसल्या? "तुम्ही फार वाचता मॅडम." हे काय उत्तर आहे?

६ डिसेंबर
सुटी. सकाळी विहारात वंदना, मग तिथूनच पांढऱ्या साडीवर नामदेवरावजींच्या घरी गेली. मनात सगळं बोलणं तयार होतं.

त्यांच्या घरात झोपायच्या खोलीतही कापूस. लेकरं त्याच्यावरच झोपतात. वैशालीच्या दोन्ही हातांवर खाजेचे लाल चट्टे. सून खोबरेल तेल लावत होती. नामदेवरावजींनी स्वतः खुर्ची पुसून दिली. म्हणाले, "मॅडम, अंगनात ठेवला अन् ओला झाला तं कोनी हात नाही लावत त्याले. सालभराचं सारं हेच. ते भित मी पहिलीत होतो तवापासून उभी हाय. केंद्र उघडलं का त्याच दिवशी खोली खाली करतो, शब्द हाय माहा."

खोटं बोलणारा माणूस नाही. म्हणूनच तर जास्त राग आला. चहा पिऊन परत आली.

यांना सांगितलं. हे खाणीच्या वर्कशॉपात. म्हणाले, "तू खाणीबद्दल काही बोलू नको. लोक म्हणतेत पगार खाणीचा खाता अन् वरून बोंबलता." मी म्हटलं, मी खाणीबद्दल नाही, भिंतीबद्दल बोलून राह्यली. तुमची पोरगी बसते तिथं.

८ डिसेंबर
खालचीही फाटली. मी कोणाला विचारलं नाही. सातवी उचलून बाहेर कडुलिंबाखाली नेली. फळा झाडाला टेकवला. पोरं खूश.

१२ डिसेंबर
खुशी संपली. वणी रोडने कोळशाचे ट्रक जातात, साऱ्या वह्या काळ्या, पोरं खोकून राह्यली, पांड्याला दम्याचा त्रास सुरू झाला. त्याची आई शाळेत येऊन भांडली. "लेकराले मारता का धुळीत बसवून?" तिचं काय चुकलं? दुपारी मु.अ.चा हुकूम, वर्ग आत घ्या. घेतला. रुचीला दुसऱ्या बाजूला बसव असं मन म्हणत होतं. मग तिच्या जागेवर कोणाची पोरगी बसवू? बसू दिलं तिथंच.

१३ डिसेंबर
भीतीने नुसतं बसून काय होते? धडा आहेच, तर सराव घेऊ. हललं की दप्तर सोडायचं, ढकलाढकली नाही, दारातून ओळीने कडुलिंबाखाली. दुपारी ब्लास्टिंगच्या वेळी करून पाहिलं.

फजिती. भोंगा झाला न झाला की सारे झाडाखाली हजर, हादरा यायच्या आत! आठवीचे पोट्टे दात काढत होते. मी म्हटलं, अरे बाबांनो, भूकंप भोंगा वाजवून येते का? वैशाली म्हणे, "मंग समजन कसं मॅडम, खरा कोनता अन् आपला कोनता?"

आपला म्हणे. मी हसली. घरी येऊन हसू आलं नाही.

१६ डिसेंबर
रोज सराव. रोज भोंग्यावरच पळतात. मु.अ. वैतागले, "रोजचा तमाशा बंद करा, पालक विचारतात." बंद केला. आई मले लहानपणी घाबरट म्हणायची. खरंच असेल. भिंतीकडे पाहिलं की ती वाकलीच वाटते, घरातलीही, विहारातलीही. यांना म्हटलं तर म्हणतात डोळे तपासून घे.

१९ डिसेंबर, सोमवार
आजचं आजच लिहिते.

सकाळची वेळ, ब्लास्टिंगची नाही. भोंगा नाही. गणिताचा तास. वैशालीला फळ्यावर उदाहरण सोडवायला उठवलं होतं. ती हातचा धरायला विसरली म्हणून मी रागावून राह्यली होती. आणि खालून आलं. धडधड. नेहमीपेक्षा लांब.

कोणी उठलं नाही. एकही जण उठला नाही! साऱ्यांनी बाटल्या धरल्या. मी खडूचा डबा धरला. मी. जिने चार दिवस सराव घेतला ती. डबा धरून उभी होती अन् थांबायची वाट पाहत होती, मग पुढचं वाक्य बोलणार होती.

भेगेतून आधी माती गळली. मग वरचा दगड आला. रुचीच्या शेजारी, वैशालीच्या जागेवर. ती फळ्यापाशी होती म्हणून... तिच्या दप्तरावर पडला. रुचीच्या हातावर खरचटलं, एवढंच.

मग ओरडली मी. मग पळाले सगळे. कडुलिंबाखाली मोजले, परत मोजले, सगळे होते. रुचीला जवळ घ्यावं वाटलं, पण तेवढी सगळीच लेकरं मले चिकटली.

वैशालीच्या दप्तरातून कंपासपेटी काढली. पत्र्याची, पोळीसारखी चपटी झालेली. ती म्हणाली, "आबा रागावतीन, नवी होती."

हे ड्युटीवरून आले. मी म्हटलं आज सकाळीच कसं केलं ब्लास्टिंग? हे चपला काढता काढता थांबले. "आज ब्लास्टिंगच नव्हतं. बारुदीचा माल आला नाही. उद्याच हाय आता." मग काय होतं ते? ताटावर बसले, तसेच उठले.

२० डिसेंबर
मु.अ.नी तालुक्याला फोन केला. भूकंपाची काही नोंद नाही म्हणे. कोणी म्हणते जुन्या खाणीचं पोट खचलं. कोणी म्हणते मोठं ट्रेलर गेलं. पांड्याची आई म्हणते देवीचा कोप. पोरं मले विचारतात, मॅडम, तो भूकंप होता का? भूगोल मी शिकवते, अन् मले माहीत नाही.

जे असेल ते असो. त्याचं नाव कळून काय करू? मले खोली पाहिजे.

मु.अ. म्हणाले, नामदेवरावजी राळेगावला लग्नात गेले, उद्या येतीन, त्यांना विचारू. बरं म्हटलं. त्यांच्यामागे खिळ्यावर किल्ली होती. त्यांच्यादेखत काढली. ते फक्त "मॅडम, मॅडम" करत मागे आले.

पोरांना हातपाय धुवायला लावले, चपला बाहेर. कापूस मळला तर भाव आणखी पडतो, एवढं मलेही कळते. वरून सतरंज्या टाकल्या. अख्खी सातवी कापसावर. बसलं की कमरेपर्यंत आत जाते, कोणाची मान दिसते, कोणाची वेणी. पहिला अर्धा तास नुसतं खिदळणं. रुची म्हणाली, "आई, इथं पडलो तरी लागत नाही." शाळेत मॅडम म्हण, असं रागावली तिला.

आता नामदेवरावजी काय म्हणतील. समितीचे अध्यक्ष आहेत, वर तक्रार केली तर बदली. यांनाही खाणीत बोलणी बसतील.

२१ डिसेंबर, बुधवार
आले. दुपारी, लग्नाच्या फेट्यातच. दारात उभे राहिले. आपल्या कापसावर पोट्टे बसलेले, मी फळ्यापाशी. मु.अ. अंगणात घाम पुसून राह्यले.

टेबलावर ती चपटी कंपासपेटी होती, तीच उचलून हातात दिली.

"कोनाची हाय?"

वरून, कापसातून, "माही, आबा."

त्यांनी पेटी उलटून पाहिली, परत उलटली. उघडायला गेले, उघडली नाही. मग म्हणाले, "केंद्र सोमवारी उघडन म्हनतेत." पेटीकडेच पाहत, "मांगच्या सोमवारी बी म्हनत होते."

म्हणजे काय? राहू का आम्ही, की नाही? विचारणारच होती, तेवढ्यात भोंगा झाला.

साऱ्यांनी बाटल्या धरल्या. काही पोरं उतरायला लागली. नामदेवरावजींनी पेटी बगलेत धरली अन् तळहात भिंतीला लावला, नव्या भिंतीला. धडधड आली, गेली. पोरं तशीच अर्धवट उठलेली, माझ्या तोंडाकडे पाहत, बसायचं की पळायचं.

त्यांनी हात काढला नाही. मीही खडूचा डबा धरूनच उभी, ही भिंत तरी भरवशाची आहे का ते पाहत.