निळी टोपी, परत गेली

प्रिय राइली,

आधी नर्सबाईंकडून चष्मा मागून घे, आणि पत्र मध्येच फेकून देऊ नकोस. शनिवारपासून हे पत्र तीनदा फाडलंय. चौतीस वर्षं शाळेच्या पटांगणावर शिट्टी फुंकून अख्खं गाव पळवणारी मी, मला चार ओळी धड लिहवत नाहीयेत. फोनवर हे जमलं नसतं. मी पुन्हा तुझ्यावरच ओरडले असते.

तळ्याकाठची ती उघड्यावरची व्यायामशाळा नगरपालिका काढून टाकणार म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं होतं. ‘कोणी वापरत नाही,’ म्हणे! इतकी भांडून मिळवलेली यंत्रं! मी म्हटलं, थांबा, मीच मोजून दाखवते. सहा आठवडे, रोज नऊ ते बारा, बर्चच्या झाडाखालच्या बाकावर वही घेऊन बसले. आणि माणूस फिरकेल तर शपथ! आधी मी डासांना शिव्या घातल्या, मग तळ्यावरच्या वाऱ्याला, मग यंत्रांवरच्या सूचना पुसल्या गेल्यात त्याला. शेवटी गावालाच, मेले आळशी, फुकटात मिळालं की किंमत नसते. तुलाही फोन करून सुनावलं, “अगं, खुब्याचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी पायांचं यंत्र रोज कर म्हणून सांगितलंय, ते तुझ्या दारात आहे, आणि तुला दोनशे पावलं टाकवत नाहीत?” तू नुसतं ‘हं’ केलंस. पाचव्या आठवड्यात तू घरात स्टुलावर पाय चढवायचा व्यायाम करताना पडलीस, तर दवाखान्यात येऊनही मी तेच बडबडले. सहा आठवड्यांत नऊ माणसं. मी प्रामाणिकपणे आकडा देऊन आले आणि यंत्रं काढायचं ठरलं.

शनिवारी पोहण्याच्या तलावावरच्या सौनात वाफ घ्यायला गेले होते. आपली माणसं बोलतात ती तिथेच, वाफेत, कोणाला कोणाचं तोंड दिसत नाही तेव्हा. वरच्या फळीवर औती होती, माझी जुनी विद्यार्थिनी, आता आजी झालेली. “बाई, एक बोलू? रागावणार नाही ना?” मी म्हटलं, “बोल की, मी काय खाणार आहे तुला?” तर म्हणते, “तुम्ही वही घेऊन बसायचात ना, म्हणून आम्ही कोणी येत नव्हतो. मी चार वेळा आले आणि वळले. वाटायचं, आता पुन्हा मार्क देणार!” बाकीच्या फिदीफिदी हसल्या आणि मग एकेक सांगायला लागली. बेकरीवाला, पोस्टमन, सगळे बर्चपर्यंत येऊन परतलेले! सहा आठवड्यांत एकालाही मला सांगावंसं वाटू नये? पण सांगणार कसे! बस-थांब्यावर एक माणूस दिसला तर चार हात लांब उभे राहणारे लोक आपण. यंत्रावर कोणी असलं तर ‘त्याला कशाला त्रास’ म्हणून दुसरा घरी जातो. इथे तर साक्षात मी बसलेली. ऐंशी अंशांच्या सौनात, राइली, मी गार पडले.

घरी येऊन वही काढली. वापरणाऱ्यांच्या रकान्यात ती नऊ नावं. पण ‘नुसते येऊन जाणारे’ असाही एक रकाना मी मोठ्या शिस्तीत भरला होता. त्यात माझ्याच अक्षरात, ‘दहा वाजून पाच. दोन काठ्या, निळी टोपी. परत गेली.’ दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौदा वेळा, अगं, चौदा! लिहायचा चष्मा नाकावर, लांबचं सगळं धूसर, हे खरं. पण तुझी ती टोपी मीच विणलेली ना? मला ती ओळखू येऊ नये? आणि तू, चाळीस वर्षांची मैत्रीण, “हिल्का, ऊठ तिथून” एवढंही म्हणाली नाहीस? रागही येतोय आणि रडूही. तुला त्या स्टुलावर मी चढवलं गं.

नगरपालिकेला कळवलंय, मोजणी खोटी आहे, खोट माझ्यात आहे. वसंतापर्यंत यंत्रं राहतील, पुन्हा मोजणार आहेत, तेही लांबून, वाचनालयाच्या खिडकीतून. पण पत्र त्यासाठी नाही. सौनातून उतरताना औतीनं सहज विचारलं, “बाई, तुम्हीच का नाही हो केलात व्यायाम?” तिला मी उत्तर दिलं नाही, तुला देते. माझा डावा गुडघा दोन वर्षांपासून कामातून गेलाय. त्या यंत्रावर मला धड चढताही येत नाही, आणि गावाच्या खेळाच्या बाईला तिथे लटपटताना कोणी पाहिलं असतं तर मी शरमेनं मेले असते. हातात वही असली की कोणी काही विचारत नाही. तू मला भिऊन चौदा वेळा परत गेलीस, आणि मी तुम्हा सगळ्यांना भिऊन बाकावर बसून राहिले. माफ कर मला. घरी आलीस की दहाला लांबचा चष्मा लावून तुझ्या दारात येईन. तू उजवं यंत्र घे, मी डावं, तोंडं तळ्याकडे. पडले तर खुशाल हस, पण परत फिरू नकोस.

तुझीच, शिट्टी खाली ठेवलेली,
हिल्का