बाटलीतलं वरण

माय,

पोट रिकामं तर माणूस गेलाच, हे तुझं म्हणणं, आणि तुझ्यासमोर ते खोडायची कुणाची छाती नव्हती. अकोल्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तेवढ्या निघाल्या. साठ सालानंतरची गोष्ट. मी परकरातली पोर, मुदतीच्या तापानं, म्हणजे टायफॉइडनं, आतड्याला भोक पडलेलं. भाजीची पाटी शेजारणीच्या हवाली करून तू मला तेल्हाऱ्याहून घेऊन आलीस. ऑपरेशन झालं आणि बाईंनी बजावलं, आतले टाके भरेपर्यंत तोंडानं घोटभर पाणीसुद्धा द्यायचं नाही. तू त्यांना तोंडावर विचारलंस, "पोरीले उपाशी मारून राहिले का तुमी?" आणि पोर जेवेल तेव्हाच जेवीन म्हणून स्वतःही अन्न सोडलंस. हट्टी तर हट्टी!

मी वाळत चालले होते. ग्लुकोज चालू होतं, पण बाई म्हणाल्या, नुसत्या साखरेवर जीव तगतो, अंग भरत नाही. खायला मिळालं नाही की अंग स्वतःचंच मांस खातं, मग टाके कशानं भरायचे? म्हणून त्यांनी नागपूरहून वेगळी बाटली मागवली, फिकट पिवळ्या पाण्याची. तुला कळावं म्हणून सांगितलं, की डाळ पोटात पचून तिचं जे रक्तात उतरतं तेच यात आहे, आधीच पचवलेलं. आतड्याला काम न देता सरळ शिरेत जातं.

तू मन लावून ऐकलंस. दुसऱ्या दिवशी दवाखान्यामागच्या चुलीवर तुरीची डाळ शिजवलीस, पदरातून गाळलीस आणि तांब्या बाईंपुढं धरलास. "हे घरचं आहे. तुमची बाटली संपली का हेच भरजा." आता हसू येतं, पण तेव्हा माझा जीव टांगणीला लागला होता. बाईंची पाठ वळली की तू तेच माझ्या तोंडाला लावशील हे मला ठाऊक होतं, आणि मान फिरवायचंही बळ माझ्यात नव्हतं.

बाई हसल्या नाहीत. हे शिरेत गेलं तर पोर हातची जाईल, तोंडानं गेलं तर टाके तुटतील, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मग तुझा हात धरून बाटलीपाशी नेलं. "तिचं जेवण चालू आहे, बघा, थेंब थेंब. हे वरण तुम्ही प्या." तू बराच वेळ त्या थेंबांकडं बघत राहिलीस. मग तांब्या तोंडाला लावलास तो रिकामा करूनच खाली ठेवलास.

जखम भरली. हळूहळू कण्या पचल्या, मग भाकर. लग्न होऊन मी अमरावतीला राजापेठेत आले, नातवंडांची आजी झाले. तुला वाचता येत नव्हतं, आणि आता तू गेलीस तिथला तर पत्ताही नाही, तेव्हा हा कागद माझ्यापाशीच राहील. एक मात्र तुला कधी बोलले नाही. माझ्या मरणाची मला भीती वाटत नव्हती, आपणही मरू शकतो हे कळायचं वय कुठं होतं? तू उपाशी मरशील आणि मग मला घरी कोण नेईल, एवढंच मनात होतं. त्या दिवशी तू जेवलीस, आणि मला गाढ झोप लागली.