सभागृहातल्या सतरा दारूंबाबत माझी शेवटची व्यवस्था

मी, महामाया निवृत्ती हनवते, वय ७२, सेवानिवृत्त शिक्षिका, राहणार मौजे सावळवाडी, तालुका हदगाव, जिल्हा नांदेड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके शाबूत आहे, डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाचा दबाव नाही. माझ्यावर दबाव आणणारा माणूस या तालुक्यात अजून निपजायचा आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द. त्यात मी सगळे मुलाला दिले होते.

१. पतीच्या अडीच एकर शेतातला माझा हिस्सा मुलगा आनंदराज याला मिळावा. शेत त्याच्या वडिलांचे होते. माझा राग तिथवर जात नाही.

२. हदगाव रस्त्यालगतचे सभागृह मी माझ्या फंडाच्या पैशातून बांधले, गावच्या मुलींना बसून वाचायला जागा असावी म्हणून. २०२१ साली आनंदराज कागद घेऊन आला. म्हणाला, "माय, कोल्ड्रिंकचं दुकान टाकून राहिलो. जागा तुझ्या नावावर हाय, सही लागती." मी सही केली. वाचल्याशिवाय कशावर अंगठा उठवू नका, असे चाळीस वर्षे व्यासपीठावरून ओरडले आणि पोटच्या पोराचा दोन पानी कागद वाचला नाही. तो परमिट रूमसाठी जागामालकाच्या संमतीचा कागद होता.

जिथे फळा होता तिथे आता दरफलक आहे. तो मात्र मी शब्दन् शब्द वाचला. व्हिस्की सात प्रकारची, रम चार, बियर कडक आणि सौम्य, व्होडका, जिन, ब्रँडी. शेवटी संत्र्याची देशी; ती मागच्या दाराने मिळते, तरी फलकावर लिहायची हिंमत पाहा. संत्र्याने ती बाटली जन्मात पाहिलेली नाही. मी जाब विचारला तर म्हणतो, "गिऱ्हाइकाला निवड पाहिजे, माय. नांदेडातबी एवढा माल न्हाई." पुरुषाला सतरा निवडी! त्याच्या बायकोला कायद्याने दोनच दिल्या: मतपत्रिकेवर उभी बाटली, म्हणजे दुकान राहू द्या, किंवा आडवी, म्हणजे बंद करा.

३. ते मतदान आम्ही २०२२ साली घडवून आणले. यादीत ८१२ बायका. निम्म्याहून जास्त, म्हणजे ४०७ मते आडव्या बाटलीला हवी होती. जी बाई येत नाही ती आपोआप दारूच्या बाजूने धरली जाते. आम्हाला ४०१ मिळाली. मुलाने मते फोडली, असे मी तीन वर्षे प्रत्येक सभेत सांगितले. ते खोटे आहे. त्या दिवशी उमरीला महिला मेळावा होता आणि माझ्या गावच्या बायका मिरवाव्यात ही माझी हौस. बारा जणींना जीपमधून घेऊन गेले. वीस मिनिटांचे भाषण दीड तास चालले. शरणम्मा मडिवाळप्पा कोरे ही मजूर बाई खालून दोनदा ओरडली, "बाई, बास करा ना आता! पाच वाजता पेटी बंद होती!" लोक टाळ्या वाजवत होते, मी बोलत राहिले. परतलो तेव्हा पाच वाजून वीस मिनिटे झाली होती. सहा मते कमी पडली, आणि जीपमध्ये माझ्यासकट तेरा होत्या.

हे कबूल केले म्हणजे आनंदराजला माफ केले, असे कोणी समजू नये.

४. सभागृह व त्याखालील जागा शरणम्माला द्यावी. मी तिला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मला कशाला? लोक हासतील, हिच्याच नवऱ्यानं तिथं लई पेली म्हणून." मी म्हटले, "पिऊन पिऊन त्यानं ते कधीच विकत घेतलंय." परमिट रूमला दिलेली माझी संमती मी आजच लेखी मागे घेतली आहे. आनंदराजने नव्वद दिवसांत फ्रिज, टेबले आणि सतराच्या सतरा प्रकार उचलावेत. सोडा आणि चकणाही.

५. सत्कारात मिळालेल्या त्रेचाळीस शालींच्या गोधड्या शिवून वाटाव्यात. दुकानाची फीत कापून त्याच संध्याकाळी मला व्यसनमुक्तीची वाघीण म्हणणाऱ्या पुढाऱ्याची शाल जीप पुसायला ठेवावी.

६. जागा गेली तरी आनंदराज दुसरी शोधेल, म्हणून बायकांनी पुन्हा मतदानाचा अर्ज केला आहे. तारीख लागण्याआधी मी गेले तर रडत बसू नये. शरणम्माने मृत्यूचा दाखला घेऊन त्याच दिवशी तहसील गाठावी आणि मतदार यादीतून माझे नाव कमी करून घ्यावे. मातीला उशीर झाला तरी चालेल. मेल्यावर एक दिवससुद्धा माझे नाव उभ्या बाटलीकडे मोजले जाता कामा नये.

हे सर्व मी वाचून, पुन्हा वाचून सही केली आहे.

महामाया निवृत्ती हनवते (सही)

आमच्यासमोर सही केली:
१. उमाशंकर शिवलिंगप्पा पत्रे (सही)
२. धम्मानंद किशन वाठोरे (सही)

ठिकाण: हदगाव
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५